रसायन सोडू नकोस, मुक्ता

चि. मुक्ता हिस,



दुसऱ्या वर्षाला मेजर कुठला घ्यायचा याचा फॉर्म महिनाअखेर भरायचा आहे आणि तू त्यात रसायनशास्त्राऐवजी कम्प्युटर सायन्स लिहायचं म्हणतेस, हे दादाकडून कळलं. ओपन इलेक्टिव्ह म्हणून घेतलेला कॉग्निटिव्ह सायन्सचा पेपर तू क्रेडिटं पुरी करण्यासाठीच ठेवला आहेस, असंही तो म्हणाला. शिक्षण तुझं, निर्णयही तुझाच. पण ज्या विषयात मी आयुष्य काढलं त्याबद्दल तू विचारलं नाहीस तरी मला बोलायलाच हवं. फोनवर एवढं सगळं बोलून होत नाही, म्हणून हे पत्र.

माझं मत आधी सांगते, कारणं मग. मेजर रसायनच ठेव. प्रोग्रॅमिंग मायनर म्हणून घे आणि मेजरइतक्याच मनापासून कर. आणि तो तिसरा पेपर वाऱ्यावर सोडू नकोस. पहिले दोन विषय तुला कुठे आणि का जड जातात ते तुला तिथेच कळेल. हे तिन्ही एका वेळी हाताशी असण्याची सोय आम्हाला नव्हती. आमच्या बीएस्सीला रसायनाच्या जोडीला भौतिकशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र असायचं. मानसशास्त्र आर्ट्सच्या इमारतीत होतं आणि तिकडे जायचं आम्हाला कारणच पडत नसे.

दादाची काळजी नोकरीची आहे, आणि ती खोटी नाही. रोहा, तळोजा, लोटे परशुराम, कुरकुंभ इथल्या कारखान्यांत क्वालिटी कंट्रोलला लागलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनी सुरुवातीची वर्षं तुटपुंज्या पगारावर काढलेली मी पाहिली आहेत. पण त्यांच्यातले जे पुढे गेले त्यांच्यात एक गोष्ट समान होती. उपकरणातून बाहेर पडणारे आकडे त्यांना स्वतः हाताळता येत होते आणि त्या आकड्यांमागे भांड्यात काय चाललं आहे हेही कळत होतं. नुसता प्रोग्रॅम लिहिणारे खूप आहेत, नुसते केमिस्टही खूप आहेत. दोन्ही येणारं माणूस मिळत नाही, ही तक्रार मी कारखान्यांतल्या लोकांकडून अनेकदा ऐकली आहे. नोकरीबद्दल माझ्याजवळ सांगण्यासारखं एवढंच आहे.

तुझं स्वतःचं कारण वेगळं आहे, ते दादाने मला सांगितलं. रसायनात पाठांतर फार आणि प्रोग्रॅमिंगमध्ये डोकं चालवावं लागतं, असं तू म्हणतेस. हे मला तुझ्याआधी शेकडो मुलांनी सांगितलं आहे आणि त्यांना तसं वाटणं अगदी स्वाभाविक होतं. पाठांतर करावंसं का वाटतं याचं कारण ग्लासगो विद्यापीठातले रसायनाचे प्राध्यापक ॲलेक्स जॉनस्टोन यांनी १९८२ साली नेमकं मांडलं. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात मिठाचं पाणी टाकलं की पांढरा, दह्यासारखा प्रेसिपिटेट येतो. हे डोळ्यांना दिसतं. त्याच क्षणी चांदीचे आयन आणि क्लोराइडचे आयन एकमेकांना धरून स्फटिक बांधत असतात, ते कुणालाच दिसत नाही. आणि फळ्यावर मी लिहिते ते तिसरंच काही असतं: अक्षरं, अंक आणि एक बाण. शिकवणारा या तिन्ही पातळ्यांवर सहज ये-जा करतो. वर्षानुवर्षांच्या सवयीने त्याला त्या पातळ्या वेगळ्या वाटतच नाहीत. समोर बसलेल्या मुलीला मात्र तिन्ही नव्याच असतात.

आता तुझ्या कॉग्निटिव्ह सायन्सच्या पेपरात पहिल्याच काही तासांत जॉर्ज मिलर यांचं नाव आलं असेल. एका वेळी माणसाच्या मनात साधारण सातच गोष्टी मावतात, दोन इकडे किंवा दोन तिकडे, हे त्यांनी १९५६ साली लिहिलं. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी तो आकडा चारच्या आसपास आणला. मावणाऱ्या गोष्टी चार आणि समोर येऊन पडतात दहा. अशा वेळी समजण्याचा नाद सोडून समीकरण तसंच्या तसं घोकणं हा मनाने काढलेला मार्ग असतो. त्यात मुलीची बुद्धी कमी पडत नाही आणि विषयही रुक्ष नसतो. म्हणून मी वर्गात आधी फक्त परीक्षानळी दाखवत असे, मग कणांचं चित्र काढायला लावत असे, आणि समीकरण दुसऱ्या दिवशी. तुझ्या कॉलेजात असं होत नसेल तर तू स्वतःसाठी कर. प्रत्येक अभिक्रियेसाठी वहीचं एक पान घे आणि समीकरण लिहिण्याआधी त्यात कण काढ. महिनाभरात तुला फरक जाणवेल.

प्रॅक्टिकलबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे. एका क्रेडिटसाठी थिअरीचे १५ तास आणि प्रॅक्टिकलचे ३० तास, असा हिशेब आहे. मुलं म्हणतात, दुप्पट वेळ देऊन क्रेडिट तेवढंच, मग प्रयोगशाळेत कशाला थांबायचं? पायलट रीडिंग घ्यायचं, सी.बी.आर., म्हणजे ब्यूरेटचं स्थिर रीडिंग, काय यायला हवं ते शेजारच्या टेबलावर विचारायचं, तीन ओळींत एकच आकडा लिहायचा आणि जर्नलवर सही घ्यायची. मुक्ता, हे कधीही करू नकोस. फिनॉल्फ्थॅलीनचा फिका गुलाबी रंग येऊन टिकणं हा सबंध अभ्यासक्रमातला असा क्षण आहे, जिथे निसर्ग तुला सरळ उत्तर देतो आणि ते उत्तर पुस्तकातल्याशी जुळेलच असं नसतं. ब्यूरेटचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा असतो. त्यात पाण्याचे जवळपास १.६७ गुणिले १० चा २१ वा घात इतके रेणू असतात. एवढ्या प्रचंड संख्येच्या अलीकडे की पलीकडे, हे तुझा अंगठा आणि तर्जनी ब्यूरेटच्या तोटीवर ठरवतात. तुझं रीडिंग ९.८ आलं आणि बाकी सगळ्यांचं १०.१ आलं, तर ९.८ च लिही आणि का आलं ते शोध. पिपेट धुवायची राहिली होती का? वाचताना डोळा वर होता का? आयुष्यात पुढे कुठल्याही आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवण्याची सवय इथे लागते.

हीच सवय घेऊन तू प्रोग्रॅमिंगच्या तासाला बस. पायथॉनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज छापून बघ. उत्तर ०.३ येत नाही, दशांशाच्या सतराव्या स्थानावर एक ४ उमटतो. संगणक हे आकडे दोनच्या घातांत साठवतो आणि ०.१ त्या पद्धतीत नेमका बसत नाही. ज्या मुलीने ब्यूरेटवर काम केलं आहे तिला हा ४ बघून घाबरायला होत नाही. आपलं उपकरण दशांशानंतर एकच स्थळ सांगतं, तर पुढचे पंधरा-सोळा अंक हे मोजमाप नव्हे, हे तिला माहीत असतं. आणि ज्याने केवळ पडद्यावरचे आकडे पाहिलेले असतात तो ते सगळे अंक अहवालात जसेच्या तसे उतरवतो. असे अहवाल मी तपासले आहेत.

एक उदाहरण देते, तिन्ही विषय त्यात एकत्र येतात. घरातला पुदिना चुरगाळून वास घे आणि मग बाळंतशोपा. दोन वासांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं वाटणार नाही. दोन्हींत कार्व्होन नावाचा रेणू आहे: दहा कार्बन, चौदा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. अणू तेच, जोडणीही तीच. फरक इतकाच की एका कार्बनभोवतीची मांडणी पुदिन्यात आणि बाळंतशोपात एकमेकींची आरशातली प्रतिमा आहे, डाव्या आणि उजव्या हातासारखी. आपल्या नाकातले ग्राही रेणूसुद्धा असेच डावे-उजवे भेद जाणणारे आहेत, म्हणून एकाच सूत्राचे दोन वास येतात. स्टिरिओकेमिस्ट्रीचा धडा मी नेहमी इथून सुरू करत असे.

पण कागदावर काढलेल्या या दोन आकृत्या एक की दोन, हे ओळखताना मुलांना घाम फुटतो. त्याचं कारण तुझ्या तिसऱ्या पेपरात आहे. रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी १९७१ मध्ये लोकांना ठोकळ्यांच्या चित्रांच्या जोड्या दाखवल्या आणि दोन्ही एकच वस्तू आहेत का ते विचारलं. एक चित्र दुसऱ्यापेक्षा जितक्या जास्त अंशांनी फिरवलेलं, तितका उत्तराला लागणारा वेळ जास्त, आणि तोही सरळ रेषेत वाढणारा. म्हणजे माणूस मनातल्या मनात ती वस्तू खरोखर फिरवल्यासारखं करतो, आणि त्याला वेळ लागतो. ही क्षमता सरावाने वाढते हेही आता माहीत आहे. म्हणूनच मी मुलांना माती आणि काड्यांचे रेणू करायला लावत असे. हातात फिरवून झालेली गोष्ट मनात फिरवणं सोपं जातं. ‘मला थ्री-डी दिसतच नाही’ असं म्हणून ऑर्गॅनिक सोडून देणाऱ्या मुली मला फार भेटल्या. त्यांना हा एक प्रयोग कुणी वेळेवर सांगितला असता तर त्यांनी विषय सोडला नसता, असं मला आजही वाटतं.

आणि आता तेच दोन रेणू संगणकाला सांगून बघ. डेव्हिड वाइनिंगर यांनी १९८० च्या दशकात स्माइल्स नावाची एक लिपी तयार केली. तिच्यात अख्खा रेणू अक्षरांच्या एका ओळीत लिहिता येतो. पुदिन्याचा कार्व्होन आणि बाळंतशोपाचा कार्व्होन यांच्या ओळी इतर सगळ्या बाबतींत सारख्या लिहिता येतात. एका ठिकाणी मात्र ॲट द रेटचं चिन्ह एकदा यायचं की दोनदा, एवढाच फरक. पायथॉनमध्ये आरडीकिट नावाचं मोफत साधन आहे. त्याला या दोन ओळी देऊन चित्र काढायला सांग आणि मग तुझ्या मातीच्या रेणूंशी ताडून बघ. संगणकाला सांगताना ‘साधारण असं’ म्हणून चालत नाही. कुठला अणू आधी, कुठल्या बाजूने बघायचं, घड्याळाच्या दिशेने की उलट, हे सगळं तुला ठरवावं लागेल. ते ठरवता ठरवता रसायनच पक्कं होईल.

ही जोडणी मी तुझ्यासाठी ओढूनताणून केलेली नाही. ती फार जुनी आहे. १९६५ च्या सुमारास स्टॅनफर्डमध्ये डेंड्रल नावाचं काम सुरू झालं. त्यात एडवर्ड फायगेनबॉम होते, ज्यांनी माणूस शब्द कसे लक्षात ठेवतो याचा संगणकी नमुना करून पीएचडी मिळवली होती. नोबेल मिळालेले जीवशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग होते. गर्भनिरोधक गोळीच्या शोधाशी ज्यांचं नाव जोडलं गेलं ते रसायनशास्त्रज्ञ कार्ल जेरासी होते, आणि तत्त्वज्ञानाकडून आलेले ब्रूस ब्यूकॅनन. मास स्पेक्ट्रोमीटरमधून रेणूचे तुकडे आणि त्यांची वजनं मिळतात. त्यांवरून मूळ रेणू कसा असेल ते संगणकाने सांगायचं होतं. शक्य असणाऱ्या रचना इतक्या निघत की त्यांतल्या बहुतेक सुरुवातीलाच बाद करणं भाग होतं, आणि कुठल्या बाद करायच्या हे फक्त अनुभवी केमिस्टना माहीत होतं. पण त्यांना विचारलं तर ते ‘हे दिसतंच की’ म्हणत. त्यांना दिसतं ते नेमकं काय, हे त्यांच्याशी बसून, प्रश्न विचारून, एकेक नियम लिहून काढावं लागलं. तिथून पुढे तज्ज्ञांचं ज्ञान संगणकात उतरवण्याची एक सबंध शाखा निघाली. रसायनाचा प्रश्न, प्रोग्रॅमिंगचं साधन आणि जाणकार माणूस विचार कसा करतो हा शोध: यांतलं एकही काढलं असतं तर डेंड्रल उभं राहिलं नसतं.

तुझ्या पिढीचं उदाहरण हवं तर डेमिस हसाबिस यांचं घे. पदवी केंब्रिजची, कम्प्युटर सायन्समधली. पीएचडी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातली, कॉग्निटिव्ह न्यूरोसायन्समध्ये. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या माणसांना जुन्या आठवणींइतकंच नवे प्रसंग कल्पनेत उभे करणंही अवघड जातं, हे त्यांच्या अभ्यासातून पुढे आलं. आणि २०२४ मध्ये जॉन जंपर यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं ते रसायनशास्त्राचं, अल्फाफोल्डने प्रथिनांची घडी ओळखून दाखवल्याबद्दल. त्या वर्षीच्या पारितोषिकाचा अर्धा भाग डेव्हिड बेकर यांना होता, नवी प्रथिनं रचल्याबद्दल.

हे वाचून तू म्हणशील, बघ आत्या, शेवटी कम्प्युटरनेच केलं ना! म्हणून पुढचं नीट वाच. अल्फाफोल्ड शिकला तो प्रोटीन डेटा बँकेतल्या रचनांवरून. ती बँक १९७१ पासून भरत आली आहे. जगभरच्या प्रयोगशाळांत कुणी महिनोन्महिने प्रथिनाचा एक स्फटिक वाढवला, त्यावर क्ष-किरण सोडले, आणि एकेक रचना त्या बँकेत जमा केली. अल्फाफोल्ड आला तोवर अशा दीड लाखांहून अधिक रचना जमल्या होत्या. ते हातकाम झालं नसतं तर संगणकाला शिकायला काहीच नव्हतं. आणि आपल्या देशाचा त्यातला वाटा विसरू नकोस. मद्रासला जी. एन. रामचंद्रन यांनी रामकृष्णन आणि शशिशेखरन या सहकाऱ्यांसह १९६३ मध्ये प्रथिनाच्या साखळीला कुठल्या कोनांत वळता येतं याचा नकाशा काढला. अणू एकमेकांवर आदळतील ते कोन अशक्य, उरले ते शक्य, हा त्यातला साधा आणि अचूक विचार. आजही नवी रचना पुढे आली की ती रामचंद्रन प्लॉटवर तपासली जाते. हा नकाशा वाचायला रसायनच यावं लागतं.

प्रोग्रॅम आता यंत्रच लिहून देतं, मग मायनर तरी कशाला, असं कुणी तुला सांगेल. यंत्राने लिहिलेला प्रोग्रॅम चालतो, पण तो तुझ्याच प्रश्नाचं उत्तर देतो आहे का, हे बघायला तुला तो ओळीओळीने वाचता यायला हवा. पहिली दोन सेमिस्टर प्रत्येक प्रोग्रॅम स्वतः टाइप कर, एररचा संदेश पूर्ण वाच, आणि मगच मदत माग. त्याहून जास्त या बाबतीत मी सांगत नाही, तुझ्या कम्प्युटरच्या बाई ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

अभ्यासाच्या पद्धतीबद्दल मात्र सांगते, कारण तू पुस्तक पुन्हा पुन्हा वाचतेस आणि हायलायटरने पानं रंगवतेस हे मी पाहिलं आहे. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार सत्रांत वाचला. इतरांनी पहिल्या सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत तो मिटवून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. वाचताना येणारा ‘मला येतंय’ हा भाव कसा फसवतो ते बघ. नेम रिॲक्शन वाचून झाली की वही मिट आणि कोऱ्या कागदावर बाणांसकट लिहून काढ. जिथे अडशील तेवढंच पुन्हा वाच.

तिसरा पेपर तू हलका समजतेस, कारण तो नवा आहे. पदवीचा विषय म्हणून त्याचं वय खरंच कमी आहे. अमेरिकेतल्या व्हॅसार कॉलेजने कॉग्निटिव्ह सायन्सची पदवी १९८२ मध्ये द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे अलाहाबाद विद्यापीठात २००२ पासून त्याचं केंद्र आहे, आयआयटी कानपूरला स्वतंत्र विभाग आहे. आणि तुला सर्वांत जवळचं म्हणजे मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. देशाच्या रसायन ऑलिंपियाडची तयारी तिथे होते, आणि मुलं विज्ञान कसं शिकतात, कुठे अडतात, यावर पीएचडीही तिथे करता येते. रसायन पक्कं आणि जोडीला हा विषय आवडीचा, अशी मुलगी तिथे काय काय करू शकेल, याचा मी तुझ्याबाबतीत विचार करते.

दादाला मी काही सांगणार नाही, हे तुझं तू त्याच्याशी बोल. तू कम्प्युटर सायन्सच लिहिलंस तरी माझा आशीर्वाद तसाच राहील आणि लागेल ती मदत मी करीन. पण फॉर्म भरण्याआधी माझ्यासाठी एक कर. येत्या प्रॅक्टिकलला पूर्ण वेळ थांब, तिन्ही रीडिंग स्वतःची घे, कुणालाही आकडा विचारू नकोस. घरी येऊन त्याच रीडिंगवरून तीव्रता काढणारा दहा ओळींचा प्रोग्रॅम लिही. मग काय वाटलं ते मला कळव, आणि त्यानंतर फॉर्मवर सही कर.

तुझी,
आत्या